जर-तरच्या इंग्रजीत ‘वुड’ची जागा

२००७ मध्ये अमेरिकेत ‘इफ आय डिड इट’ नावाचं एक पुस्तक बाजारात आलं. ते ओ. जे. सिम्पसन या एके काळच्या गाजलेल्या फुटबॉलपटूच्या नावावर होतं. घटस्फोटित पत्नी निकोल आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांच्या खुनाच्या आरोपातून तो १९९५ मध्ये निर्दोष सुटला होता. दोनच वर्षांनी दिवाणी न्यायालयाने मात्र त्या मृत्यूंची जबाबदारी त्याच्यावर टाकली. ‘खून मीच केला असं धरून चाला, मग तो कसा झाला असता ते सांगतो’ अशा थाटाचं हे पुस्तक खरं तर २००६ मध्येच यायचं होतं. लोक खवळले, प्रकाशकाने माघार घेतली आणि पुढे पुस्तकाचे हक्क गोल्डमन कुटुंबाकडे गेले. त्यांनी मुखपृष्ठावरचा ‘इफ’ इतका बारीक छापला की चार हातांवरून नाव ‘आय डिड इट’ असंच वाचलं जावं.

‘इफ’च्या आकाराची चर्चा पुष्कळ झाली. व्याकरणाच्या नजरेने पाहणाऱ्याला मात्र त्या नावात न छापलेला एक शब्द जास्त खटकतो, तो म्हणजे ‘हॅड’. ‘इफ आय हॅड डन इट’ असं नाव असतं, तर त्याचं मराठी ‘मी ते केलं असतं तर’ असं झालं असतं, आणि ‘केलं नाही’ हे त्यातच आलं असतं. ‘इफ आय डिड इट’ घडून गेलेल्या गोष्टीबद्दल म्हटलं, तर ते ‘मी ते केलं असेल तर’ याच्या जवळ जातं. म्हणजे केलंही असेल, नसेलही. एका सहायक क्रियापदाच्या असण्या-नसण्यावर नकार आणि शक्यता यांच्यातला फरक उभा आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांना जर-तरची वाक्यं याच जागी अडवतात. ‘इफ’ कुठे लावायचा हे कुणालाही कळतं. अडतं ते पुढे: ‘विल’ की ‘वुड’, ‘हॅड’ की ‘वुड हॅव’, ‘वॉज’ की ‘वेअर’, ‘मे’ की ‘माइट’. शाळेत त्याची उत्तरं क्रमांकांनी मिळतात. शून्यावा प्रकार, पहिला, दुसरा, तिसरा. मुलं सूत्रं पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात आणि प्रत्यक्ष बोलताना ‘इफ आय वुड हॅव नोन’ म्हणून मोकळी होतात. गंमत अशी की या क्रमांकांमागचं जे मूळ आहे, ते मराठी माणसाच्या कानात आधीपासूनच असतं.

अर्नेस्ट ॲडम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० मध्ये दोन वाक्यांची एक जोडी पुढे ठेवली. जर-तरचा अभ्यास करणारे तेव्हापासून ती थोड्याफार फरकाने वापरत आले आहेत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि ली हार्वे ऑस्वाल्डला पकडण्यात आलं, ही पार्श्वभूमी. पहिलं वाक्य: ‘इफ ऑस्वाल्ड डिडन्ट किल केनेडी, समवन एल्स डिड.’ दुसरं: ‘इफ ऑस्वाल्ड हॅडन्ट किल्ड केनेडी, समवन एल्स वुड हॅव.’ पहिलं वाक्य कुणीही मान्य करील. केनेडी मारले गेले हे पक्कं आहे. ऑस्वाल्डने मारलं नसेल, तर दुसऱ्या कुणी तरी मारलं असणार. दुसरं मात्र सरळसरळ कटाचा आरोप आहे: ऑस्वाल्डने मारलं नसतं, तरी दुसऱ्या कुणी तरी मारलंच असतं, कारण माणसं टपून बसली होती.

इंग्रजीत हा फरक समजावून सांगायला तत्त्वज्ञांना लेखच्या लेख लिहावे लागले. मराठीत ‘नसेल’ आणि ‘नसतं’ हे दोन शब्द शेजारी ठेवले की शेंबडं पोरही तो ओळखतं. ‘नसेल’ म्हणणाऱ्याला खरं काय ते ठाऊक नसतं. ‘नसतं’ म्हणणाऱ्याला ते ठाऊक असतं आणि तो मुद्दाम त्याच्या उलट कल्पना करत असतो. मराठी व्याकरणात या दुसऱ्या रूपासाठी वेगळा खण आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि चौथा संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हे शाळेतलं ठरलेलं उदाहरण त्याच संकेतार्थाचं.

हा नियम अगदी अभंग आहे असंही नाही. तत्त्वज्ञ ॲलन रॉस अँडरसन यांनी १९५१ मध्येच एक उलटं उदाहरण दाखवून दिलं होतं. डॉक्टर रुग्णाला तपासतो आणि म्हणतो, याने आर्सेनिक घेतलं असतं तर नेमकी हीच लक्षणं दिसली असती. वाक्य ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’चंच आहे, पण डॉक्टर विषप्रयोग नाकारत नाही. उलट संशय त्याच दिशेने वळवतो. तेव्हा ‘हॅड’ म्हणजे खोटंच, असं नव्हे. बोलणारा प्रत्यक्षापासून पाऊलभर मागे सरून बोलतो आहे, एवढंच त्यातून पक्कं कळतं.

मागे सरण्यासाठी इंग्रजी वापरते तो भूतकाळ. ‘इफ आय न्यू हर नंबर, आय वुड कॉल हर’ यातलं ‘न्यू’ दिसायला भूतकाळी आहे, पण गोष्ट आत्ताची आहे: मला तिचा नंबर माहीत नाही. ‘इफ ही केम टुमॉरो’मध्ये तर ‘केम’ आणि ‘टुमॉरो’ मांडीला मांडी लावून बसतात. सबिन इयाट्रिडू या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ग्रीकसह अनेक भाषांमधली ही खोड तपासली. एकमेकींपासून दूर असलेल्या भाषाही अवास्तव सांगायला भूतकाळाचंच रूप उसनं घेतात. अभ्यासक त्याला नकली भूतकाळ म्हणतात.

मराठीही त्याला अपवाद नाही. ‘उद्या पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ या वाक्यात ‘उद्या’ आणि ‘पडला’ एकत्र नांदतात आणि कुणाला खटकत नाहीत. ‘जरा तुमच्याशी बोलायचं होतं’ म्हणणाऱ्याला बोलायचं असतं ते आत्ताच. ‘होतं’ हे केवळ अदब म्हणून येतं. इंग्रजीतलं ‘कुड यू’ आणि ‘वुड यू’ नम्र वाटतात तेही याच कारणाने. काळात मागे जाणं, वास्तवापासून दूर जाणं आणि समोरच्या माणसापासून आदराने अंतर राखणं ही तिन्ही कामं एकच रूप करतं.

इतिहासात डोकावलं की सहायक क्रियापदांच्या या जोड्यांचा उगम सापडतो. ‘वुड’ हा ‘विल’चा भूतकाळ, ‘शुड’ हा ‘शॅल’चा, ‘कुड’ हा ‘कॅन’चा आणि ‘माइट’ हा ‘मे’चा. जुन्या इंग्रजीत ‘विल’चा अर्थ इच्छा असणे असा होता आणि ‘शॅल’चा देणं लागणे. आज ‘कुड’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जो न उच्चारला जाणारा ‘एल’ आहे, तो मुळात तिथे नव्हताच. ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये तो परंपरेने होता, त्यांच्या पंगतीला बसवण्यासाठी लेखकांनी ‘कुड’लाही तो चिकटवला. जुन्या इंग्रजीत कल्पनेतल्या गोष्टींसाठी क्रियापदांची वेगळी रूपं होती. शतकं लोटली तशी शब्दांची शेपटं झिजली, वास्तव आणि अवास्तव यांची रूपं एकसारखी झाली आणि ओझं सहायक क्रियापदांवर आलं. जुन्या व्यवस्थेतलं एकच रूप आज टिकून आहे: ‘इफ आय वेअर यू’मधलं ‘वेअर’.

तेही डळमळतंच आहे. ‘फिडलर ऑन द रूफ’ या १९६४ च्या संगीतिकेतलं गाजलेलं गाणं ‘इफ आय वेअर अ रिच मॅन’ आहे, तर प्रिन्स या गायकाचं १९८७ चं गाणं ‘इफ आय वॉज युअर गर्लफ्रेंड’. बोलण्यात ‘वॉज’ सर्रास चालतं, औपचारिक लेखनात ‘वेअर’ शोभतं. ‘इफ आय वेअर यू’ या पक्क्या शब्दबंधात मात्र शिकणाऱ्याने ‘वेअर’लाच धरून राहावं.

आता मराठी माणसाच्या खास चुकीकडे वळू. ‘मला कळलं असतं, तर मी आलो असतो.’ या वाक्याच्या दोन्ही पारड्यांत ‘असणे’चंच संकेतार्थी रूप आहे: इकडे ‘असतं’, तिकडे ‘असतो’. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे दोन वेगळे शब्द बसतात. ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ मराठी मनाला हा पंक्तिप्रपंच वाटतो. ते दोन्हीकडे ‘वुड हॅव’ वाढून मोकळं होतं आणि ‘इफ आय वुड हॅव नोन’ तयार होतं. हे अज्ञान नव्हे. मराठीचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीत नेल्याचा तो परिणाम आहे.

या चुकीत मराठी माणूस एकटाही नाही. फ्रेंच शाळांमध्ये पोरांना याच चुकीपासून वाचवण्यासाठी ‘सी’ या जर-वाचक शब्दानंतर संकेतार्थी रूप आणू नये, अशी म्हण शिकवतात. जर्मन मुलांनाही त्यांच्या ‘वेन’ आणि ‘व्युर्ड’बद्दल तसंच घोकवलं जातं. अमेरिकेत तर जन्माने इंग्रजी बोलणारे लाखो लोक ‘इफ आय वुड हॅव नोन’ असं बिनदिक्कत बोलतात. संपादकाच्या हातून मात्र ते सुटत नाही आणि परीक्षेत गुण जातात.

मूळ भाषिकांच्या या घसरणीला एक कारण कानाचंही आहे. ‘हॅड’ आणि ‘वुड’ हे दोन्ही शब्द बोलताना आकसून नुसता ‘ड’ उरतो. ‘इफ आयड नोन, आयड हॅव कम’ असं वाक्य कानावर पडतं. पहिला ‘ड’ हा ‘हॅड’चा, दुसरा ‘वुड’चा, पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. त्यात ‘हॅव’ही बोलताना ‘अव्ह’ होतं, आणि मग इंग्रजीच मातृभाषा असलेली माणसं ‘वुड हॅव’ऐवजी ‘वुड ऑफ’ असं लिहून बसतात. शाळेत पुस्तकातून इंग्रजी शिकलेला मराठी माणूस ही दुसरी चूक सहसा करत नाही. शब्द ऐकण्याआधी त्याने तो छापील पाहिलेला असतो.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं’ ही म्हण घ्या. आत्याबाईला मिशा नाहीत हे आजचं सत्य आहे, म्हणून इंग्रजीत तिचं रूप ‘इफ आन्टी हॅड अ मुस्टॅश, वी वुड कॉल हर अंकल’ असं होईल. आता हे वाक्य पाहा: ‘माझ्याकडे पैसे असते, तर तुला दिले असते.’ हे आत्ताचं आहे की गेल्या दिवाळीचं? मराठी वाक्य दोन्हीकडे चालतं. संदर्भ बाकीचं सांगतो. इंग्रजी मात्र आधी काळ सांग, मग पुढे चल, असं बजावते. आत्ता पैसे नसतील तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड गिव्ह इट टू यू’. गेल्या दिवाळीत नव्हते, तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव गिव्हन इट टू यू’.

तो जोड ‘हॅड हॅड’ पाहून विद्यार्थी दचकतात, छपाईची चूक समजून एक ‘हॅड’ खोडूनही टाकतात. त्यातला पहिला सहायक आहे, भूतकाळाच्याही मागे नेणारा. दुसरा मुख्य क्रियापद आहे, जवळ असणे या अर्थाचा. मराठीत एका ‘असते’ने भागतं तिथे इंग्रजीला दोघे लागतात.

काळांची सरमिसळही होते आणि तिला घाबरायचं कारण नाही. ‘तेव्हा औषध घेतलं असतंस, तर आज बरा असतास.’ कारण कालचं, परिणाम आजचा. इंग्रजीतही तसंच: ‘इफ यू हॅड टेकन द मेडिसिन देन, यू वुड बी फाइन नाऊ.’ पुढच्या अर्ध्या भागात ‘वुड हॅव बीन’ लिहिलं की आजचं दुखणं कालचं होऊन जातं.

शक्य वाटणाऱ्या, पुढे घडू शकणाऱ्या गोष्टींचं गणित त्यामानाने सोपं. ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’ भविष्याची गोष्ट असूनही ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ येत नाही. मराठी माणूसही ‘पाऊस पडेल तर’ सहसा म्हणत नाही, ‘पडला तर’ म्हणतो. भविष्यकाळ दोन्ही भाषांत फक्त ‘तर’च्या बाजूला येतो. तरीही मराठी मुलांच्या वह्यांत ‘इफ इट विल रेन’ दिसतं, कारण भविष्यकाळ म्हणजे ‘विल’ हे समीकरण पाचवी-सहावीतच घट्ट बसलेलं असतं. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या केंब्रिजच्या जाडजूड व्याकरणात तर इंग्रजीला भविष्यकाळच नाही असं ठामपणे म्हटलं आहे. त्यांच्या मते ‘विल’ हा काळ दाखवणारा शब्द नव्हे. तो अंदाज, इच्छा, निश्चय दाखवणारा सहायक आहे.

हे पटलं की ‘इफ’नंतर ‘विल’ केव्हा चालतो तेही उलगडतं. जिथे इच्छेचा, तयारीचा प्रश्न असतो तिथे तो चालतो. ‘इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल द मॅनेजर.’ मराठीतही ‘थांबलास तर’ आणि ‘थांबशील तर’ यांत छटेचा फरक आहे. पहिल्यात नुसती अट आहे, दुसऱ्यात विनंती डोकावते. दुसरी जागा थोडी वेगळी: अटीतली गोष्ट परिणामानंतर घडणार असते तेव्हा. ‘इफ इट विल हेल्प, आय विल लेंड यू द मनी.’ पैसे आधी दिले जातील, मदत त्यानंतर होईल. मराठीत इथे ‘मदत होणार असेल तर’ असं आपोआप तोंडात येतं. ज्या जागी ‘होणार असेल तर’ बसतं, तिथे इंग्रजीत ‘विल’ बिनधास्त ठेवावा.

‘वुड’लाही ‘इफ’च्या बाजूला अशीच एक मानाची जागा आहे. ‘आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड मी द फॉर्म’ हे कचेरीच्या पत्रव्यवहारातलं जुनं वाक्य. फॉर्म पाठवण्याची कृपा कराल तर, असा त्याचा भाव. त्यातला ‘वुड’ इच्छेचा आहे, म्हणून तो नियमाबाहेर नाही.

याच वाक्यातला ‘शुड’ मात्र आज सापळा झाला आहे. एके काळी ब्रिटिश शिष्ट इंग्रजीत ‘आय’ आणि ‘वी’ यांच्याबरोबर ‘वुड’ऐवजी ‘शुड’ येई. जुन्या व्याकरणपुस्तकांत ‘इफ आय हॅड नोन, आय शुड हॅव कम’ अशी वाक्यं नमुन्यादाखल असत, अर्थ ‘मी आलो असतो’. आजचा वाचक ते ‘मी यायला हवं होतं’ असं वाचतो. वाक्य तेच, पण खुलाशाचा कबुलीजबाब झाला. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर भारतातल्या कितीतरी पिढ्यांचं इंग्रजी पोसलं. त्यातले पी. सी. रेन ब्रिटिश काळात इथल्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या साहसकादंबरीने त्यांना जगभर नाव मिळालं. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला होत्याच. या पुस्तकांनी पाया पक्का केला, पण शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनची ढबही सोबत दिली.

‘शॅल’ आणि ‘विल’ यांचा जुना झगडा याच घराण्यातला. जॉन वॉलिस हे ऑक्सफर्डचे गणिती. गणितात अनंताचं आडवं आठासारखं चिन्ह रूढ केलं ते त्यांनीच, १६५५ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. त्यात त्यांनी दंडक घातला की ‘मी’बरोबर ‘शॅल’ म्हणजे साधं भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. ‘तू’ आणि ‘तो’बरोबर याच्या बरोबर उलट. यावरून इंग्रजांनी एक विनोद रचला. पाण्यात पडलेला आयरिश माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणायचं असतं की मी बुडणार, वाचवायला कुणी नाही. काठावरचे इंग्रज व्याकरणाला जागतात. ‘बुडण्याचा माझा निश्चय आहे, खबरदार कुणी वाचवलंत तर’ असा अर्थ लावतात आणि स्वस्थ उभे राहतात. १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये फाउलर बंधूंनी या विषयावर पानंच्या पानं लिहिली आणि वर असंही म्हटलं की हा भेद दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यांनाच उपजत कळतो, बाहेरच्यांना शिकून येणं कठीण. बाहेरच्यांनी मग तो शिकणंच सोडलं. अमेरिकेत, आयर्लंडमध्ये, स्कॉटलंडमध्ये आणि बहुतांश भारतात आज ‘विल’ने सगळं भागतं.

‘शॅल’ तग धरून राहिला तो कायद्यात. भारतीय राज्यघटनेच्या ३५६व्या अनुच्छेदाचं इंग्रजी वाक्य जर-तरचंच आहे. राज्याचा कारभार घटनेनुसार चालू शकत नाही अशी राष्ट्रपतींची खात्री पटली, तर ते उद्घोषणा करू शकतात. अटीच्या भागात साधा वर्तमानकाळ आणि पुढच्या भागात ‘मे’. तिथे ‘मे’ऐवजी ‘शॅल’ असता, तर खात्री पटल्यावर उद्घोषणा न करण्याची मुभाच उरली नसती. ‘मे’ म्हणजे अधिकार आणि ‘शॅल’ म्हणजे बंधन, ही ढोबळ वाटणी. पण न्यायालयांनी प्रसंगी ‘मे’ बंधनकारक मानला आहे आणि ‘शॅल’ सैल केला आहे. हा घोळ नको म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेने ‘शॅल’ टाळून ‘मस्ट’ जवळ केला. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतूनही २००७ च्या नव्या मांडणीत ‘शॅल’ हद्दपार झाला.

‘तर’च्या बाजूला कोणता सहायक घ्यायचा, हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न नसतो. बोलणारा किती खात्रीने बोलतो, हे त्यावरून ठरतं. डॉक्टरचं एकच वाक्य चार तऱ्हांनी घ्या: ‘इफ यू टेक धिस टॅब्लेट, द फीव्हर विल कम डाउन.’ गोळी घेतलीस तर ताप उतरेल, शंकाच नको. ‘शुड कम डाउन’ म्हणजे उतरायला हवा. न उतरल्यास पुन्हा या. ‘मे कम डाउन’ म्हणजे उतरू शकेल. ‘माइट’ म्हणजे उतरेलही कदाचित, आशा फार नको. चारही वाक्यं शुद्ध आहेत, पण रुग्णाच्या घरच्यांना त्यातून मिळणारा धीर वेगवेगळा आहे. रिकाम्या जागेत ‘विल’ हेच एक उत्तर बरोबर मानणारी प्रश्नपत्रिका हे सगळं पुसून टाकते.

गेलेल्या गोष्टींबाबतही हीच उतरंड. क्रिकेटमध्ये पायचीतचं अपील फेटाळलं गेलं आणि कर्णधाराने तिसऱ्या पंचांकडे दाद मागितली नाही. चेंडू यष्टीवर जात होता हे पडद्यावर नंतर दिसलं, तर समालोचक म्हणेल, ‘इफ दे हॅड रिव्ह्यूड इट, ही वुड हॅव बीन आउट.’ चित्र धूसर असेल तर तो ‘माइट हॅव बीन’वर उतरेल. क्षेत्ररक्षणाची संधी हुकली, एवढंच सांगायचं असेल तर ‘कुड हॅव’: करता आलं असतं, जमण्यासारखं होतं. खेळाच्या भरात हेच समालोचक सगळे नियम गुंडाळूनही ठेवतात. झेल सुटून मिनिट झालेलं असतं आणि आवाज येतो, ‘इफ ही टेक्स दॅट कॅच, दे विन द मॅच.’ दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ, अर्थ मात्र ‘घेतला असता तर जिंकले असते’. इंग्रजी समालोचनात ही लकब इतकी मुरली आहे की तिला चूक म्हणता येत नाही. शिकणाऱ्याने ती ऐकावी, निबंधात उतरवू नये.

‘इफ’ गाळून सहायकालाच पुढे ढकलण्याची एक जुनी ढब आहे. ‘हॅड आय नोन’, ‘वेअर आय टु रिझाइन’, ‘शुड यू नीड एनी हेल्प’. आजच्या इंग्रजीत हा मान प्रामुख्याने ‘हॅड’, ‘वेअर’ आणि ‘शुड’ या तिघांकडेच उरला आहे. यातला ‘शुड’ कर्तव्याचा नाही. ‘इफ यू शुड सी हिम’ म्हणजे ‘तू त्याला भेटायला हवंस’ असं मुळीच नव्हे. तो ‘भेटलाच तर’ असा अर्थ आहे. मराठीत एका ‘च’ने जे साधतं, ते इंग्रजी ‘शुड’कडून करून घेते. बँकेच्या पत्रातलं ‘शुड यू रिक्वायर’ म्हणजे ‘लागलंच तर’, एवढं कळलं की त्या पत्रांचा निम्मा रुबाब उतरतो.

भारतीय इंग्रजीत ‘वुड’ची आणखी एक सवय रुजली आहे. सोसायटीच्या फलकावर सूचना लागते: ‘द वॉटर सप्लाय वुड रिमेन क्लोज्ड ऑन थर्सडे.’ ई-मेलमध्ये लिहिलेलं असतं, ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो.’ लिहिणाऱ्याला ‘वुड’ हा ‘विल’चा सभ्य अवतार वाटतो. परदेशातल्या वाचकाच्या मनात मात्र ‘वुड’ दिसताच न लिहिलेला ‘इफ’ जागा होतो. रजेवर असतास, पण कशामुळे अडलं? गुरुवारी पाणी बंद राहिलं असतं, म्हणजे आता येणार का? ठरलेली, नक्की गोष्ट सांगताना ‘विल’ पुरेसा सभ्य आहे. नम्रपणा विनंतीत दाखवावा, वेळापत्रकात नाही.

तेव्हा शून्य ते तीन हे क्रमांक ठेवायचे की सोडायचे? हडलस्टन आणि पुलम यांनी मूळ भेद दोनच मानले आहेत: खुली अट आणि दूरची अट. मराठी माणसासाठी ही विभागणी सोयीची आहे, कारण ती त्याच्या भाषेत आधीच आहे. वाक्य आधी मराठीत नीट म्हणावं. ‘आला तर’, ‘असेल तर’ असं येत असेल, तर अट खुली आहे. ‘इफ’कडे साधा काळ आणि पुढे खात्रीप्रमाणे ‘विल’, ‘शुड’, ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कॅन’. ‘असता तर’ येत असेल, तर अट दूरची. मग दुसरा प्रश्न: गोष्ट आजची की गेलेली? आजची असेल तर इकडे साधा भूतकाळ, तिकडे ‘वुड’. गेलेली असेल तर इकडे ‘हॅड’, तिकडे ‘वुड हॅव’, खात्री कमी असेल तिथे ‘कुड हॅव’ किंवा ‘माइट हॅव’. मराठीशी फारकत घ्यायची ती एकाच ठिकाणी: दोन्ही पारड्यांत ‘असता’ असला, तरी ‘वुड’ फक्त ‘तर’च्या बाजूला.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. बारावीपर्यंत पोचलेल्या मुलाच्या वाट्याला ‘इफ’चं ‘अनलेस’ करा, ‘अनलेस’चं ‘इफ’ करा अशी वाक्यरूपांतरं अनेकदा येतात. इंग्रजीच्या शिक्षकांनी त्या तासाला पाच मिनिटं काढून फळ्यावर ‘नसेल’ आणि ‘नसतं’ हे दोन शब्द लिहावेत आणि ऑस्वाल्डची दोन वाक्यं मुलांकडून मराठीत करून घ्यावीत. क्रमांकांची सूत्रं त्यानंतर शिकवली तरी चालतील.